ए, बी, सी, डी

रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर स्कायडायव्हर शीतल महाजनांची पॅराशूट उडी पुन्हा पाहिली. २०१८, थायलंड, अंगावर चक्क नऊवारी! बाहेर रोलिंग मिलची धडधड चालूच.

आपल्या एमआयडीसीत लायसन्सचं अप्रूप कुणाला? बॉयलरवाल्यालाही आधी सेकंड क्लास, मग फर्स्ट क्लास. पण आकाशाचं लायसन्स उड्या मोजून मिळतं. अमेरिकन पॅराशूट संघटनेच्या नियमांत 'ए'ला किमान २५ उड्या, 'बी'ला ५०, 'सी'ला २०० आणि 'डी'ला ५००. सुरुवातीला दोन प्रशिक्षक दोन्ही बाजूंनी धरून असतात. मग एक, मग कुणीच नाही. शिवाय नुसते आकडे भरून भागत नाही. लेखी-तोंडी परीक्षा असतेच, आणि ठरल्या जागेजवळ उतरूनही दाखवावं लागतं. 'ए'वाल्याला स्वतःच्या मुख्य हवाई छत्रीची घडी घालता यायलाच हवी. मला हाच भाग सगळ्यात आवडतो. उडी काही मिनिटांची, घडी घालणं मात्र निवांतपणाचं, चिकाटीचं काम. राखीव छत्रीला तर परवानाधारक रिगरशिवाय, म्हणजे छत्र्या बांधणाऱ्या तंत्रज्ञाशिवाय, कुणी हात लावायचा नाही.

आणि महाजनबाई? पुण्याच्या या बाईंनी १८ एप्रिल २००४ला आयुष्यातली पहिलीच उडी मारली ती थेट उत्तर ध्रुवावर, उणे ३७ अंशांत! पायऱ्या मागाहून चढल्या. २०११ला पद्मश्री. कौतुक आहेच, पण माझा स्वभाव २५-५०वाल्यांचा.

हरियाणात नारनौलला हल्ली उडी मारता येते म्हणे. घरी अजून विषय काढलेला नाही.