एक विग्रह

अंगावरचे वस्त्र चारचौघांत दगा देते तेव्हा माणूस कोणत्या रसात असतो, हा प्रश्न काव्यशास्त्राने सोडवलेला आम्हांस आढळला नाही. पाहणाऱ्याचे ठीक आहे. विकृत वेष हा हास्याचा विभाव, हे भरतमुनींनी सांगूनच ठेवले आहे. स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित असे हास्याचे सहा प्रकारही त्यांनी लावून दिले. पहिले दोन उत्तम प्रकृतीचे, शेवटचे दोन अधमांचे. पण ज्याचे उसवले, त्याचे काय?

आमचे उसवले ते एम. ए.च्या वर्गात, करुणरस शिकवताना. खडू पडला, आम्ही वाकलो आणि पॅण्टची मागची शिवण टर्रकन गेली. (पॅण्ट जुनी झाल्याचे घरून निघताना आम्हांस सांगण्यात आले होते. असो.) आवाज पहिल्या बाकापाशीच विरला असावा, अशी आशा होती; तिसऱ्या बाकावरचा एक मुलगा मोठ्याने हसला, तेव्हा तीही गेली. आम्ही खेकड्याच्या चालीने खुर्ची गाठली आणि उरलेला तास टिपणे सांगून काढला. टिपणे सांगणाऱ्या प्राध्यापकांची आम्ही जन्मभर टवाळी केली होती.

वास्तविक या बाबतीत आम्हांस गुरू चांगले लाभले होते. शाळेतले संस्कृतचे मास्तर धोतर नेसत. समास शिकवता शिकवता एकदा त्यांचा कासोटा सुटला. ते थबकले. "मुलांनो, हा विग्रह अभ्यासक्रमात नाही. जरा खिडकीबाहेर पाहा." सगळा वर्ग बाहेरच्या कडुलिंबाकडे पाहत राहिला. मागे धोतराची सळसळ, आणि मग "हं, आता मध्यमपदलोपी." प्रथम तेच हसले, मग आम्ही. त्या धोतराला दोन ठिकाणी रफू होता, तो पुढच्या बाकावरून दिसत असे. मधल्या सुट्टीत मास्तरांची नक्कल मात्र कोणी केली नाही.

दुर्योधनाला असा मास्तर भेटला नसावा. मयसभेत स्फटिकाच्या भूमीला पाणी समजून त्याने वस्त्र वर उचलले. पुढे पाण्याला भूमी समजून तो वस्त्रांसकट आत पडला. युधिष्ठिराच्या आज्ञेने त्याला दुसरी वस्त्रे देण्यात आली. प्रसंग तिथे संपायला हरकत नव्हती. कीर्तनांतून ऐकू येणारा द्रौपदीचा 'आंधळ्याचा पुत्र आंधळा' हा टोमणा भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तेथे हसतात ते सेवक, भीम, अर्जुन आणि नकुल-सहदेव. पण दुर्योधन पित्यापुढे गाऱ्हाणे मांडतो, तेव्हा हसणाऱ्यांत द्रौपदी आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियाही आलेल्या असतात. फजिती झालेल्याला हशा नेहमीच मोठा ऐकू येतो. पुढे द्यूतसभेत कोणाच्या वस्त्राला हात घातला गेला, ते सांगायला नको.

हे आम्ही वर्गात मोठ्या रसाळपणे सांगत आलो आहोत. म्हणूनच पुढचे लिहिणे जड जाते. त्या दिवशी तास संपल्यावर तिसऱ्या बाकावरचा तोच मुलगा मागे थांबला. त्याने आपला स्वेटर काढून टेबलावर ठेवला. "सर, कमरेला बांधा." आम्ही म्हणालो, "गरज नाही." आणि हजेरीपट पाठीशी धरून भिंतीच्या कडेकडेने निघून गेलो. महिन्याभराने तोंडी परीक्षा झाली. त्याला आम्ही वीसपैकी बारा गुण दिले. त्याच्यानंतर आलेल्या मुलाची उत्तरे याच्याहून सरस नव्हती. त्याला पंधरा दिले. लिहिताना हात अडखळला होता, पण आकडा आम्ही बदलला नाही. मधले तीन गुण कशाचे, हे हजेरीपटाला ठाऊक असेल.

गेल्या वर्षी तो एस. टी. स्थानकावर भेटला. आता तोही शिकवतो. "सर, तुमचा करुणरसाचा तास अजून आठवतो," असे म्हणून तो हसला. ते स्मित होते की उपहसित, हे आम्हांस नाट्यशास्त्राच्या आधारेही ठरवता आले नाही.