चकला स्ट्रीट ते सँ-प्लासिद

पॅरिसमध्ये सीन नदीच्या डाव्या तीरावर, सहाव्या प्रभागात, सँ-प्लासिद नावाचा एक आखूड रस्ता आहे. भुयारी रेल्वेच्या चौथ्या मार्गावर याच नावाचे स्थानकही आहे. रस्त्याच्या वरच्या टोकापासून जवळच ‘बाँ मार्शे’ हे जुने, अवाढव्य दुकान लागते. एकोणिसाव्या शतकात आरिस्तिद बुसिको या व्यापाऱ्याने तेथे प्रत्येक वस्तूवर निश्चित भावाची चिठ्ठी लावली, घासाघीस बंद केली आणि न आवडलेला माल परत घेण्याची सोय दिली. व्यापारी मनुष्याने पॅरिसला गेल्यावर आयफेल मनोऱ्याआधी हे दुकान पाहिले, तरी त्यात वावगे काही नाही.

या रस्त्याशी मुंबईचे नाते मात्र मालामुळे जडले नाही. ते चित्रांमुळे जडले. १९५२ मध्ये येथील सँ-प्लासिद कलादालनात तीन भारतीय तरुणांची चित्रे एकत्र मांडली गेली. तिघांनीही मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले होते. गोव्यातील साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ पासून लंडनमध्ये होते. मध्य प्रांतात जन्मलेले सय्यद हैदर रझा १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर पॅरिसला आले होते. तिसरे अकबर पदमसी. रझांच्या आग्रहावरून ते १९५१ मध्ये तेथे पोहोचले. तिघांत ते धाकटे. जन्म १९२८ चा. पॅरिसमध्ये आपली चित्रे लोकांसमोर ठेवण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

पदमसी घराणे मूळचे काठियावाडचे, व्यापारी खोजा. वडिलांचे दुकान दक्षिण मुंबईत चकला स्ट्रीटवर होते. त्या दुकानातील हिशेबाच्या वह्यांत लहानगा अकबर ‘इलस्ट्रेटेड वीकली’मधील चित्रे पाहून पाहून उतरवीत असे. जमा-नावेच्या रकान्यांत माणसांचे चेहरे उमटलेले पाहून व्यापारी घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात काय येईल, हे या पानाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. वही म्हणजे घराची पत. पुढे शाळेत शिरसाट या जलरंगात काम करणाऱ्या शिक्षकांनी मुलाचा हात ओळखला, आणि वहीतली चित्रे कागदावर व कापडावर आली.

परदेशातील पहिल्या प्रदर्शनात एक निराळीच कसोटी असते. मुंबईत पदमसी हे नाव पेढीचे म्हणून परिचित होते; सँ-प्लासिदला त्या नावावर उधारी मिळणार नव्हती. समोर उभा राहणारा प्रेक्षक ना घराणे जाणत होता, ना जात, ना दुकान. जे काही बोलायचे ते रंगांनीच बोलायचे होते. त्याच वर्षी ‘जुर्नाल दार’ या कलापत्रिकेच्या वतीने आंद्रे ब्रताँ यांच्या हस्ते पदमसींना पारितोषिक मिळाले. ब्रताँ म्हणजे अतिवास्तववादी चळवळीचे प्रवर्तक. त्यांच्या हातून मिळालेला मान लहान नव्हता.

घरच्या मातीत मात्र चोवीस महिन्यांनी निराळा अनुभव वाट्यास आला. १९५४ मध्ये जहांगीर कलादालनात पदमसींचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्यातील प्रेमी युगुलाची चित्रे पोलिसांना अश्लील वाटली. चित्रे उतरवा, असे सांगण्यात आले. पदमसींनी नकार दिला, खटला अंगावर घेतला आणि तो जिंकला. चित्रे आवडणे-न आवडणे हा ज्याच्या त्याच्या अभिरुचीचा प्रश्न. पण सव्वीसाव्या वर्षी मुंबईत, आपल्या माणसांच्या देखत, आरोपी म्हणून उभे राहणे सोपे नसावे. पॅरिसच्या त्या दालनात अनोळखी नजरांना सामोरे जाण्याची सवय झाली होती, तिचा येथे उपयोग झाला असेल.

सँ-प्लासिद रस्त्यावर आज तयार कपड्यांची दुकाने आहेत. संध्याकाळी खरेदीच्या पिशव्या सावरीत माणसे स्थानकाकडे निघतात, आणि पायऱ्या उतरून दिसेनाशी होतात.