न थांबणारा आणि न हटणारा

मुलांच्या हाती चित्रकथा दिसली की आम्हा मास्तरांच्या कपाळाला आठी पडते. पण रॉजर स्टर्न आणि जॉन रोमिटा ज्युनिअर यांची १९८२ सालची स्पायडरमॅन-कथा मला धड्याइतकी मोलाची वाटते. तिच्यातला खलनायक जगरनॉट. पुरीच्या जगन्नाथावरूनच इंग्रजीत रुळलेला हा शब्द! जाळी तुटतात, पेट्रोलच्या टँकरचा स्फोटही त्याला थोपवीत नाही. थकलेला स्पायडरमॅन अखेर त्याच्या खांद्यावर चढून डोळे झाकतो. आणि तो धिप्पाड गडी पायाच्या ओल्या काँक्रीटमध्ये आपल्याच वजनाने रुततो.

दहावीला दोनदा नापास झालेल्या एका विद्यार्थ्याला मी ही गोष्ट सांगितली. म्हटले, "बाळ, जिंकण्याची खात्री स्पायडरमॅनलाही नव्हती." त्याने तिसऱ्यांदा फॉर्म भरला.