अलीचा श्रेष्ठ सामना कोणता?

महंमद अलीच्या सामन्यांची प्रतवारी लावावयाची, तर मनिला येथील १९७५ च्या झुंजीस अग्रस्थान द्यावें, असें आम्ही वर्षानुवर्षें ठांसून सांगत आलों. १४ फेऱ्यांनंतर फ्रेझिअरच्या शिक्षकानें त्यास उठूं दिलें नाहीं. जिंकलेला अलीही क्षणांत खालीं कोसळला.

परवां ती चित्रफीत पुन्हा पाहिली आणि आमचें मत डळमळलें. १९९६ सालीं अटलांटास ज्योत पेटवितांना थरथरणारा त्याचा हात डोळ्यांपुढून हालेना. मार सोसण्याच्या त्या पराक्रमास टाळ्या आम्हीं कां वाजविल्या?

मग ह्यूस्टनचा १९६६ चा सामना घ्यावा काय? तिसऱ्या फेरींत निकाल. पाय तर नर्तकाचे! परंतु प्रतिस्पर्धी विल्यम्स दोन वर्षांपूर्वीं पोलिसाची गोळी लागून एक मूत्रपिंड गमावून बसलेला. गुण द्यावे तरी किती?

राहतां राहिला किन्शासा, १९७४. फोरमन २५ वर्षांचा, अजिंक्य. फ्रेझिअरला त्यानें दोन फेऱ्यांत सहा वेळां लोळविलेलें. ३२ वर्षांचा अली दोरांस टेकून त्याला थकवितो आणि आठव्या फेरींत पाडतो. मार तेथेंही खाल्लाच. पण बराचसा हातांवर झेलून, हिशेबानें. मास्तरकीच्या संवयीनें आम्हीं त्यासच पहिला क्रमांक दिला.

चिरंजीव मात्र मनिलावर अडून आहेत. त्यांचेंही वय २५च आहे.