तुरटीचं पाणी

बाईने आतून धुतलं पाहिजे, असं माझं ठाम मत होतं. गेवराईत मेडिकलच्या काउंटरवर उभी राहायला लागले तेव्हापासून हे मत मी बाळगलं आणि गिऱ्हाइकांनाही दिलं. दुकानातली गडीमाणसं पांगायची वाट बघून एखादी बाई कडेला सरकायची आणि खालच्या आवाजात म्हणायची, "ताई, पांढरं लई जातंय. धुवायला काही तरी द्या." मी तुरटीची पुडी आणि जंतुनाशकाची लहान बाटली पुढे करायचे. कोमट पाण्यात टाका, रात्री धुवा, बरं वाटेल. फार्मसीच्या अभ्यासात हे कुठेच नव्हतं. आमच्या आजीच्या वेळी कडुनिंबाचा पाला उकळायचे, आईच्या वेळी तुरटी आली, माझ्या वेळी बाटली आली. मला त्यात प्रगतीच दिसायची.

आज मी यातलं काहीही आतून धुण्यासाठी देत नाही. मत इतकं उलटं का झालं, हे लिहून ठेवायला हवं, कारण या विषयावर आपल्याकडे सख्ख्या बहिणीसुद्धा मोकळेपणी बोलत नाहीत.

पहिला धक्का शरीरशास्त्राने दिला. योनीमार्गात उपकारक जिवाणूंची वस्ती असते आणि ते लॅक्टिक आम्ल तयार करतात, हे जर्मन डॉक्टर आल्बर्ट ड्योडरलाइन यांनी १८९२ सालीच दाखवून दिलं होतं. त्या आंबटपणामुळेच बाकीचे जंतू तिथे टिकत नाहीत. जागा स्वतःची निगा स्वतः राखते. थोडं पांढरं किंवा पारदर्शक पाणी जाणं हा त्या निगराणीचाच भाग. पाळीच्या मधल्या दिवसांत ते वाढतं, गरोदरपणात आणखी वाढतं. तुरटी, साबण किंवा जंतुनाशक आत गेलं की आधी मरतात ते हे राखणदार. मग वास सुरू होतो, आग होते, स्राव वाढतो, आणि बाई पुन्हा पुडी घ्यायला येते. कितीतरी जणी वर्षानुवर्षं येत राहिल्या आणि मला वाटायचं, गुण येतोय म्हणूनच परत येतायत. वारंवार धुणाऱ्या बायकांमध्ये गर्भाशयाचा आणि गर्भनलिकांचा संसर्ग जास्त आढळतो, हे मी नंतर वाचलं.

दुसरी गोष्ट गर्भाची. "लगेच धुतलं तर राहत नाही ना?" हा प्रश्न मला नव्या सुनांपासून तीन लेकरांच्या आयांपर्यंत सगळ्यांनी विचारलाय. ही समजूत आपल्या खेड्यातल्या अडाणीपणातून आली असणार, अशी माझी पक्की धारणा होती. पण हा उपाय छापून सांगितला तो एका अमेरिकन डॉक्टरने. मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स नोल्टन यांनी १८३२ साली एक छोटं पुस्तक काढलं. संबंधानंतर लगेच पिचकारीने धुवावं, पाण्यात तुरटी किंवा जस्ताचा क्षार घालावा, असा सल्ला त्यात होता. त्याबद्दल त्यांना तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. तेच पुस्तक १८७७ साली लंडनमध्ये पुन्हा छापलं म्हणून चार्ल्स ब्रॅडलॉ आणि अ‍ॅनी बेझंट यांच्यावर खटला भरला गेला आणि त्या गाजावाजात त्याच्या लाखावर प्रती खपल्या. बेझंटबाईंना पुढे पोटच्या मुलीचा ताबा गमवावा लागला. पुढे हिंदुस्थानात येऊन होमरूल चळवळ करणाऱ्या त्याच या. माझ्या काउंटरवरची तुरटी एवढ्या लांबून आणि एवढी किंमत मोजून छापली गेली होती, हे कळल्यावर मी माझ्या गिऱ्हाइकांकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. नोल्टनच्या काळात बाईच्या स्वतःच्या हातात असलेला, नवऱ्याला न विचारता करता येणारा दुसरा उपाय फारसा नव्हताच. तिने तो धरला, यात तिचं काय चुकलं?

पण उपाय लागू पडत नाही, हेही तितकंच खरं. शुक्रजंतू काही मिनिटांच्या आत गर्भाशयाच्या तोंडातून वर पोचतात. पाणी तिथवर जात नाही, आणि उठून मोरीत जाईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. अमेरिकेत गर्भनिरोधाची उघड जाहिरात करायला कायद्याने बंदी होती, म्हणून लायसॉल नावाचं जंतुनाशक बायकांना 'स्वच्छते'च्या नावाखाली विकलं गेलं. नवरा दुरावला तर दोष बायकोच्या अस्वच्छतेचा, असं त्या जाहिराती चित्रं काढून सांगायच्या. गर्भ राहू नये म्हणून ते वापरणाऱ्या ५०७ बायकांची पाहणी १९३३ साली प्रसिद्ध झाली. त्यातल्या २५० जणींना दिवस गेले होते. भाजल्याच्या आणि विषबाधेच्या तक्रारी वेगळ्या. आपल्याकडेही २०१२ साली एका 'इंटिमेट वॉश'च्या जाहिरातीत बाईच्या त्या जागेचा रंग उजळण्याचं आश्वासन होतं. त्यावर बरीच टीका झाली, पण तशा बाटल्या आजही खपतात. माझ्या दुकानातही मी त्या दर्शनी फळीवर मांडत होते.

इथपर्यंत हा केवळ पुस्तकी बदल राहिला असता. तो मनात उतरला आमच्या बीड जिल्ह्यामुळे.

दसरा-दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातल्या गावांतून, तांड्यांवरून ऊसतोड टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आधी घेतलेली उचल, आणि मग पाच-सहा महिने उसाच्या फडाशेजारी कोपीत संसार. तिथे न्हाणी नसते, संडास नसतो, पाणी लांबून आणावं लागतं. पाळीतलं फडकं धुवायला पाणी नाही, वाळत घालायला आडोसा नाही. अंधारात उठून मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, आणि पोटात दुखतंय म्हणून घरी राहिलं तर खाडा पडतो. अशा बाईला संसर्ग होणार नाही तर काय होईल? ती गावी आली की आधी माझ्याकडे येऊन तुरटी न्यायची. त्याने उतार पडला नाही की शहरातल्या दवाखान्यात जायची. तिथे सोनोग्राफी व्हायची आणि सांगितलं जायचं, पिशवीला सूज आहे, पुढे कॅन्सर होईल, काढून टाका. पैसे नसले तर मुकादम उचल द्यायचा.

२०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. दर सहा बायकांमागे एक. मी तो आकडा पेपरात वाचला तेव्हा मला चेहरे आठवले. पिशवी काढल्यानंतरही त्या माझ्याच दुकानात येत होत्या. पस्तिशीतली बाई कॅल्शियमच्या गोळ्या, गुडघ्याचं मलम, कंबरेचा पट्टा मागायची. अंगातून वाफा निघतात, रात्री झोप लागत नाही, मोळी उचलताना चक्कर येते, असं सांगायची. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले की पाळी जाण्याच्या वयाआधीच हे सगळं सुरू होतं. तिला ते कोणी सांगितलेलं नसायचं.

धुणं आणि पिशवी काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असं मी तोवर धरून चालले होते. एक घरगुती, एक डॉक्टरी. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समज आहे: बाईच्या आत घाण असते. पांढरं जाणं म्हणजे रोग, रोग म्हणजे घाण, धुवून जात नसेल तर ती जागाच काढून टाका. अंगावरून पांढरं जातंय या तक्रारीवर मी पुडी देत होते, तेव्हा या साखळीची पहिली कडी माझ्या काउंटरवर होती. बायकांनी पिशवी काढू द्यायला इतक्या सहज मान हलवली, कारण आपलं आतलं अंग नासकं आहे हे त्यांना आधीच पटवलेलं होतं, आणि पटवणाऱ्यांत मी होते.

त्याच सुमारास बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. चांगलं झालं. पण फडावरची न्हाणी आणि पाणी त्या परवानगीने येत नाही, आणि मला वाटतं खरा उपचार तिथे आहे.

न्हाणी बांधणं माझ्या हातात नाही, मोकळं बोलणं आहे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं, ते १९५३ साली मरेपर्यंत. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते सरळ, आडपडदा न ठेवता उत्तरं द्यायचे. अश्लीलतेचे खटले झाले. त्यातल्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे वकील होते. एवढा छळ सोसून त्यांनी जे केलं, ते गेवराईत भर दिवसा काउंटरवर उभं राहून करायला मला काहीच किंमत मोजावी लागत नाही. मग मी तरी आवाज खाली का करायचा?

म्हणून आता बाई आली की मी तिला स्टुलावर बसवते आणि विचारते. खाज आहे का? दह्यासारखं जातंय का? हिरवट-पिवळं, माशासारख्या वासाचं? मधूनच रक्त दिसतं का? यातलं काही असेल तर डॉक्टरीणबाईंकडे पाठवते, आणि नवऱ्यालाही बरोबर न्यायला सांगते, कारण काही संसर्गांत दोघांनी गोळ्या घेतल्या नाहीत तर तो फिरून येतो. काहीच नसेल तर सांगते, हे तुझं नेहमीचं आहे, बाहेरून साध्या पाण्याने धू, आत काही घालू नको. पिशवी काढायला सांगितली असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नको. गर्भाची भीती असेल तर बहात्तर तासांच्या आतली गोळी आहे, आणि नेहमीसाठी सरकारी दवाखान्यात तांबी, 'अंतरा'चं इंजेक्शन, 'छाया'च्या गोळ्या फुकट मिळतात.

काही जणी नाराज होतात. "पहिल्यांदा तुम्हीच दिली व्हती की," असं म्हणतात आणि पुढच्या दुकानातून तुरटी घेऊन जातात. त्यांना मी अडवू शकत नाही. परत आल्या की पुन्हा स्टुलावर बसवते.