पोरकीं मांजरें

पुढें बॅटर्सी या नांवानें प्रसिद्ध झालेलें लंडनचें आश्रयगृह १८६० सालीं कुत्र्यांकरितां निघालें. मांजरांस तेथें आसरा मिळण्यास १८८३ साल उजाडलें. आमच्या शहरांतील अशाच एका आश्रयगृहांतून आम्हीं दोन मांजरें घरीं आणिलीं. मुलांस पिलूं हवें होतें. परंतु कोणीही न नेलेली एक म्हातारी, एका डोळ्यानें आंधळी मांजरी पाहून त्यांनीं तिलाही मागून घेतलें. पिलूं दुसऱ्याच दिवशीं खेळूं लागलें. म्हातारी आठ दिवस कपाटाखालून निघेना. आम्हीं तिला ओढून काढिलें नाहीं. त्याच शांत खोलींत अन्न, पाणी व वाळूचें घमेलें ठेविलें. दूध दिलें नाहीं, कारण पुष्कळ प्रौढ मांजरांस तें पचत नाहीं. नवव्या रात्रीं ती आमच्या धाकटीच्या पायांशीं येऊन निजली. बालमित्रहो, विश्वास ओढून आणितां येत नाहीं. तो आपल्या पावलांनींच येतो.