आधी झाकण उघडा

"सीपीयू लई हँग व्हायलाय दादा, ग्राफिक कार्ड टाकून द्या." बीडमध्ये माझ्याकडे पहिल्यांदा अपग्रेड करायला आलेल्या पोराचं म्हणणं बहुधा असंच असतं. दुखणं सांगायच्या आधी औषधाचं नाव. मशीन कोणती म्हणून विचारलं, की उत्तर येतं, "डेलची. काळी."

काळी डेल म्हणजे बहुतेक वेळा ऑप्टिप्लेक्स. पुण्या-मुंबईच्या, हैदराबादच्या कंपन्या काही वर्षं वापरून मशीनी लॉटने काढतात, व्यापारी त्या पुसूनपासून विकतात आणि ट्रॅव्हल्सच्या डिक्कीत बसून त्या आमच्याकडे येतात. सेवा केंद्र, टायपिंग इन्स्टिट्यूट, लग्नपत्रिका छापणारा डीटीपीवाला, सगळीकडे हीच जात. मशीनी चिवट असतात, वाईट नसतात. फक्त त्या ऑफिससाठी मोजूनमापून बनवलेल्या असतात, आणि अपग्रेड करताना नेमकं तेच मोजमाप आडवं येतं.

म्हणून पोराने व्हिडिओ बघून केलेली पार्टांची यादी मी ऐकून घेतो आणि आधी झाकण उघडतो. आमच्याकडची धूळ साधी नसते. पत्र्याच्या खोलीत वर्षभर चाललेल्या मशीनच्या हीटसिंकवर तिचा नमदा तयार होतो, आणि खालची थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी सुटते. ब्लोअर मारायचा, पेस्ट बदलायची, रॅम काढून तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवायचा. 'हँग व्हायलाय'मधलं थोडं दुखणं इथंच जातं. त्याचे मी साफसफाईचेच पैसे घेतो, अपग्रेडचे नाही.

मग बोर्ड वाचायचा. ऑप्टिप्लेक्स ३०२० घ्या. इंटेलची चौथी जनरेशन, सॉकेट ११५०, चिपसेट एच८१, डीडीआर३ रॅमच्या दोनच खाचा, जास्तीत जास्त १६ जीबी, आणि एम.२ची जागा नाही. एवढं कळलं की पोराच्या मोबाईलमधल्या यादीतले अर्धे पार्ट आपोआप कटतात. स्वस्तात मिळाली म्हणून मागवलेली एनव्हीएमई एसएसडी इथं लावायला जागाच नाही. डीडीआर४ची पट्टी बसणार नाही: डीडीआर३ला २४० पिना, डीडीआर४ला २८८, आणि मधली खाच वेगळ्या जागी. लॅपटॉपची रॅम तर लांबीलाच आखूड. खाच जुळत नसेल तर अंगठ्याने जोर लावायचा नाही. ती खाच त्यासाठीच केलेली आहे.

जे बसतच नाही ते बरं, निदान लगेच कळतं. घोळ करतात ते नीट बसणारे आणि न चालणारे पार्ट. सहाव्या-सातव्या जनरेशनचा बोर्ड आणि आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, दोन्हींवर सॉकेट ११५१. खटका लावला की प्रोसेसर झकास बसतो, पंखा फिरतो आणि डिस्प्ले येत नाही. आठवीला ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. पिनांची संख्या तीच ठेवून इंटेलने त्यांची कामं बदलली. एएमडीने एएम४ सॉकेट वर्षानुवर्षं चालवलं, त्यामुळे जुन्या बोर्डावर पुष्कळदा नवा रायझन चालतो, पण आधी बायोस अपडेट करावा लागतो, आणि अनेक बोर्डांवर तो करायला आधीचा चालू प्रोसेसर लागतो. आणखी एक सापळा शेवटच्या अक्षरात आहे. इंटेलच्या प्रोसेसरच्या नंबरपुढे 'एफ' असला की आतलं ग्राफिक नसतं. रायझन ५ ५६००जी घेतला तर स्क्रीन दिसेल, नुसता ५६०० घेतला तर वेगळं कार्ड लागेलच. थोडे पैसे वाचवायला या अक्षराकडे काणाडोळा करणारे लोक मी पाहतो.

आता ग्राफिक कार्ड. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यात भागणारी कार्डं आहेत: जीटी ७१०ला १९ वॅट पुरतात, जीटी १०३०ला ३०, आणि जीटीएक्स १०५० टीआयची बरीच मॉडेलं वेगळी वायर न मागता ७५मध्ये बसतात. मशीन स्लिम असेल तर कार्डही बुटकं लागतं. ७५ वॅटच्या वरचं कार्ड घ्यायचं म्हटलं की एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलणं आलं, आणि तिथं ३०२० अडते. साध्या एसएमपीएसची बोर्डाला जाणारी वायर २४ पिनांची, हिच्या बोर्डावर खाच ८ पिनांची. हार्डडिस्कची पॉवरसुद्धा बोर्डातूनच निघते. कन्व्हर्टर केबल मिळते, लावूनही देतो. पण बाजारात '४५० वॅट'चं स्टिकर लावलेले पिसासारखे हलके डबे मिळतात, ते मी ठेवत नाही. परळीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आपल्याच जिल्ह्यात, पण गावात शेतीच्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब पिवळा पडतो. व्होल्टेजचा हा झोका सोसायचं काम एसएमपीएसचं. पुण्यात बसून व्हिडिओ करणाऱ्याला ही ओळ यादीत लिहावी लागत नाही.

खरीप २०२३पासून एक रुपयात पीकविमा सुरू झाला तेव्हा जुलैत सेवा केंद्रांवर रांगा लागायच्या. तेव्हा वडवणीकडचा एक केंद्रचालक पाच हजार घेऊन आला. त्याला आय७ टाकायचा होता. मशीन हीच, आय५ ४५९०, चार जीबी रॅम, जुनी हार्डडिस्क. त्याच्यासमोरच ब्राउझर उघडून टास्क मॅनेजर लावला. डिस्क शंभर टक्के, मेमरी काठोकाठ, आणि प्रोसेसर बिचारा निवांत. त्याला साटा एसएसडी लावली, त्याच वेगाची चार जीबीची दुसरी पट्टी टाकली, प्रोसेसरला हात लावला नाही. उरलेल्या पैशात यूपीएसची बॅटरी बदलली. विम्याचं पोर्टलच हँग असेल तर त्याला माझ्याकडे पार्ट नाही, हेही तेव्हाच सांगून टाकलं.

पैसे कुठं घालायचे याचा माझा हिशेब साधा आहे. जी वस्तू उद्या काढून दुसऱ्या मशीनला लावता येईल तिच्यावर मोकळा हात, जी या बोर्डाबरोबरच मरणार तिच्यावर आखडता. साटा एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जाते. यूपीएस जातो, मॉनिटर जातो, बहुतेक वेळा ग्राफिक कार्डही जातं. डीडीआर३ रॅम जात नाही, ११५०चा आय७ तर मुळीच नाही. म्हणून रॅम जुनी वापरलेली, पण तपासून घ्या, आणि प्रोसेसरचा मोह सोडा. पोरांना हे पटत नाही. आय७चं स्टिकर मित्राला दाखवता येतं, एसएसडी डब्यात लपलेली असते.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे टीपीएम २.० आणि इंटेलची आठवी जनरेशन मागतं. वरून त्याच वर्षाच्या अखेरीला एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी ओढली आणि रॅमचे भाव भडकले. त्यामुळे चौथ्या जनरेशनवर आता एसएसडीपलीकडे खर्च करू नका असंच मी सांगतो. जुनीच मशीन घ्यायची तर ऑप्टिप्लेक्स ३०६०सारखी आठवीची बघा: डीडीआर४ आहे, एम.२ची जागा आहे. त्यातही श्रीलिपी या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा जुना डोंगल किंवा जुना प्रिंटर असेल तर तो नव्या विंडोजवर चालतो का, ते आधी विचारा. पत्रिकांच्या सीझनमध्ये हे कळून उपयोग नसतो.

आणि व्यापारी व्हॉट्सअॅपवर बाहेरून चकाचक कॅबिनेटचा फोटो पाठवेल. त्याला झाकण काढायला सांगा. बोर्डावरचा नंबर, रॅमवरचं स्टिकर आणि एसएमपीएसवरचा तक्ता, तिन्ही वाचता येतील असे फोटो आल्याशिवाय फोन पे करू नका.